कागद नसलेला रस्ता

दोन हजार चार ते सात ही तीन वर्षं मी अमेरिकेत अशा गावात काढली, जिथे मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. माझ्या बॅचची मुलं न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आणि टेक्सासमधल्या अर्विंगला होती. त्यांना घराखालच्या दुकानात कोथिंबीर मिळायची, गणपतीत वर्गणीवरून भांडायला माणसं मिळायची. मला कन्सल्टन्सीने रॉकी पर्वताच्या पायथ्याशी एका लहान गावात पाठवलं. काम नकाशांचं होतं. केंद्र सरकारच्या जमीन खात्याची तिथे एक कचेरी होती. तिथले जुने कागदी नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचे. मी कुरकुर केली नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि मिळालेल्या गोष्टीला आधी नमस्कार करायचा, मग ती काय आहे ते बघायचं, ही आमच्या घरची रीत. ती रीत आपल्याला सोडून दुसऱ्याच कुणाला महागात पडू शकते, हे मला त्या गावात कळलं.

मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गॅरेजवरची खोली भाड्याने घेतली होती. वय सत्तरीपुढे, रेल्वेतून निवृत्त, बायको वारलेली, दोन्ही गुडघे गेलेले. मनात मी त्यांना काका म्हणायचो. तोंडाने 'सर' म्हटलं की ते वैतागायचे. दर शनिवारी सकाळी खालच्या गॅरेजमध्ये तीन शिकारी जमायचे: काका, त्यांचा जावई आणि शाळेतून निवृत्त झालेले नागरिकशास्त्राचे एक मास्तर. जावई गॅसच्या विहिरींवर वेल्डिंग करायचा. मास्तरांनी कधीकाळी त्याला वर्गात शिकवलं होतं आणि नापासही केलं होतं. दोघांची जुंपायला तेवढं भांडवल पुरेसं होतं. बंदुका साफ करायच्या, सुऱ्यांना धार लावायची, कॉफी प्यायची आणि भांडायचं.

शिकार म्हणजे आमच्याकडे राजेरजवाड्यांचा शौक नाही तर चोरीचा मामला. तिथे तसं नव्हतं. काकांच्या डीप फ्रीझरमध्ये वर्षभराचं मांस असायचं, ते सगळं त्यांनी स्वतः मारलेलं, स्वतः कापलेलं, पांढऱ्या कागदात बांधून वर तारीख लिहिलेलं. दुकानातून त्यांनी कधी मटण आणलेलं मी पाहिलं नाही. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला एल्कच्या मांसाचं एक पुडकं दिलं. एल्क म्हणजे सांबराहून मोठं, घोड्याएवढं हरीण. मी आईने पाठवलेल्या काळ्या मसाल्यात त्याचा रस्सा केला आणि पातेलं खाली नेलं. जावयाने दोन घास खाल्ले, कपाळ पुसलं आणि काकांना विचारलं, "हे जनावर नक्की मेलं होतं ना? मला चावतंय ते."

काकांनी तीनदा वाढून घेतलं. त्या दिवसापासून शनिवारी मलाही एक खुर्ची असायची.

या लोकांचं सगळं जगणं ज्या जमिनीवर चालायचं ती त्यांच्या मालकीची नव्हती. गावाबाहेर पडलं की नजर पोचेल तिथपर्यंत बरीच जमीन केंद्र सरकारची. आपण अशा जमिनीला सरकारी म्हणतो, म्हणजे आपली नव्हे असं त्यात आलंच. हे तिघे तिला 'आमची' म्हणायचे. तिथे कुणीही जावं, तंबू ठोकावा, परवाना असेल तर शिकार करावी. मला आमच्या गावचं गायरान आठवायचं. अडचण एकच होती. मधूनमधून खासगी रँच, म्हणजे गुरांची मोठाली कुरणं, पसरलेले, त्यामुळे सार्वजनिक जमिनीपर्यंत पोचायला बऱ्याचदा कुणाच्या तरी खासगी जमिनीतून जावं लागायचं. त्यासाठी जुन्या वाटा होत्या. दोन चाकांच्या चाकोऱ्या आणि मध्ये गवत, आमच्याकडे जिला पांदण म्हणतात तशा.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात काकांचा शिकारीच्या सोडतीत नंबर लागला. तिकडे चांगल्या इलाख्यातल्या एल्कसाठी सोडत निघते, म्हाडाच्या घरांसारखी. काका अकरा वर्षं अर्ज भरत होते. परवाना एकाच इलाख्याचा, एकाच ऑक्टोबरचा, आणि एकदा मिळाला की पुन्हा रांगेच्या शेवटी. पत्र आलं त्या दिवशी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. त्या गुडघ्यांनी ते वर आलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

"हा शेवटचा," ते म्हणाले. "पुढचा नंबर लागेल तेव्हा मी चौऱ्याऐंशीचा असेन. तेव्हा मला बंदूक देऊ नका."

जून महिन्यातल्या एका शनिवारी मास्तर पेपर घेऊन आले. खात्याने आमच्या जिल्ह्याच्या सल्लागार मंडळावर नवीन माणसं नेमली होती. सार्वजनिक जमिनीचं काय करायचं, कुठे गॅसच्या विहिरी खणू द्यायच्या, कुठल्या वाटा उघड्या ठेवायच्या, यावर हे मंडळ मत द्यायचं आणि खातं बहुतेक वेळा ते मान्य करायचं. नव्या नावांमध्ये एक रँचमालक होता. बाहेरच्या राज्यात पैसा कमावून त्याने दोन वर्षांपूर्वी इथे मोठा रँच घेतला होता, आणि गेल्या निवडणुकीत त्याच्या अंगणात मोठमोठ्या लोकांच्या मेजवान्या झडल्या होत्या.

"चला, आपला एक माणूस आत गेला," जावई म्हणाला.

"आपला?" मास्तर म्हणाले. "तुझ्या नावावर एवढी जमीन कधी झाली? सांगितलं नाहीस."

"शिकारी आहे तो. त्याच्या भिंतीवरची शिंगं बघा एकदा."

"तू कुठे बघितलीस? जेवायला बोलावलं होतं, की पाइप जोडायला गेलास तेव्हा खिडकीतून?"

जावई हसला, पण कान लाल झाले होते. "मास्तर, तुम्हाला पेन्शन आहे. मला विहिरी खणल्या तर काम आहे. वॉशिंग्टनला कुणाला बसवलं आणि इथे कुणाला बसवलं याने मला फरक पडत नाही. काम चालू आहे ना?"

"वॉशिंग्टनला खात्याच्या डोक्यावर बसवला तो जन्मभर खाणवाल्यांचे खटले लढला. इथे बसवला त्याच्या कुंपणाला आपली जमीन लागून आहे. उद्या परीक्षा मंडळावर नापास मुलांचे बाप नेमतील."

"मला नापास केलं होतंत त्याचा राग आहे माझा अजून."

"तुला राज्याचा गव्हर्नर कोण ते सांगता आलं नव्हतं. आता सांगता येतं, तर मत देऊन बसलास त्याला."

मग मास्तरांनी माझ्याकडे खुर्ची वळवली. "तुमच्याकडे असं असतं का?"

माझ्या आवडीचा विषय निघाला होता. मी त्यांना महामंडळं समजावून सांगितली. निवडणूक झाली की कुणाची कुठे वर्णी लागते ते. मग आमच्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याची अशाच एका महामंडळावर वर्णी लागली, आणि दोन वर्षांत आमच्या गावचं गायरान त्याच्या शिक्षण संस्थेच्या नावावर झालं. माझे वडील गावची गुरं चारायचे. गायरानाला तारेचं कुंपण पडलं तशी लोकांनी गुरं विकली आणि वडिलांचं काम संपलं. त्या जागेवर इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. वडिलांना त्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी मिळाली, आणि कर्मचाऱ्याचा मुलगा म्हणून मला तिथे कमी फीमध्ये प्रवेश मिळाला.

जावयाने सुरी खाली ठेवली. "म्हणजे तू त्याच कॉलेजात शिकलास?"

"हो."

"आणि म्हणून तू इथे आहेस."

"हो."

"मग झालं की," तो मास्तरांना म्हणाला. "जमीन गेली, पण मुलगा इंजिनिअर झाला. विचारा त्याला, परत गुरं चारायला जाशील का."

मास्तरांनी पेपरची घडी घातली. खरं सांगायचं तर त्या पुढाऱ्याचा फोटो कॉलेजच्या प्रवेशद्वारात लावलेला होता आणि पदवीच्या दिवशी मी त्याला वाकून नमस्कार केला होता. वडील गेटवरून बघत होते. त्यांना बरं वाटावं म्हणून केला असं मी नंतर स्वतःला सांगत आलो, पण त्या वेळी मी मनापासूनच वाकलो होतो.

मग काका म्हणाले, "मी काल तिकडे जाऊन आलो. फाटकाला कुलूप आहे."

"कुठल्या फाटकाला?" मास्तरांनी विचारलं.

"त्याच्याच. आपल्या रस्त्याच्या."

त्यांनी कपाटातून आपला जुना नकाशा काढला आणि कामाच्या टेबलावर पसरला. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. ज्या इलाख्याचा परवाना त्यांना मिळाला होता त्याच्या आतपर्यंत एक वाट जात होती, सुरुवातीचे दोन मैल त्या रँचमधून. काका तिच्यावरून पन्नास वर्षं जात होते, त्यांच्याआधी त्यांचे वडील. गाडी थेट ओढ्यापर्यंत जायची. ती वाट बंद झाली तर दुसऱ्या बाजूने डोंगर ओलांडून दिवसभर पायी चालावं लागणार होतं. म्हणजे काकांना जाणं शक्य नव्हतं.

"नवीन नकाशात ही वाटच नाही," काका म्हणाले. "फाटकावर त्याचा माणूस होता, त्याने मला उघडून दाखवला. म्हणाला, खात्याचाच नकाशा आहे, माझा नाही."

मी टेबलावर वाकून त्यांच्या बोटाखाली पाहिलं. वाटेवर तिचा क्रमांक छापलेला होता. तो क्रमांक माझ्या ओळखीचा होता. ती वाट मी काढून टाकली होती.

हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण त्यात कुणी मला भाग पाडलं नव्हतं. आमच्या कचेरीत एक बाई साहेब होत्या. मार्चमध्ये त्यांनी मला चाळीस वाटांची यादी दिली. वरून आदेश आला होता: खासगी जमिनीतून जाणाऱ्या ज्या वाटांना वहिवाटीचा कागद नाही, त्या नव्या छापील नकाशात दाखवायच्या नाहीत. एकेका वाटेसाठी कोर्टाच्या तळघरात जाऊन जुनी दप्तरं उघडायची. कागद सापडला तर वाट राहते, नाही तर जाते. आमच्याकडे तलाठ्याच्या दप्तरात नोंद शोधावी तसंच. यादी मी तीन आठवड्यांत संपवली. काम संपलं म्हणून बसून राहणं मला जमत नाही. शाळेत बाईंनी दहा गणितं दिली की मी बारा सोडवून न्यायचो, कारण आमच्या वर्गात डॉक्टरांची आणि वकिलांची मुलं होती आणि माझ्याकडे बाईंचं लक्ष जावं याला तेवढा एकच उपाय होता. तसंच मी यादीबाहेरच्या आणखी तीन वाटा तपासल्या. तिन्हींचेही कागद नव्हते. मी तसं साहेबांना लिहून दिलं.

साहेब म्हणाल्या, "या यादीत नव्हत्या."

"हो, पण नियमात बसतात," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. आज मला वाटतं, त्या तीन वाटा त्यांनी मुद्दाम यादीबाहेर ठेवल्या असाव्यात. साहेब स्वतः त्याच गावच्या होत्या. पण लिहून दिलेलं कामाच्या फाइलला लागलं होतं, ते त्यांना मागे घेता येईना. महिन्याअखेर त्यांनी माझ्या कन्सल्टन्सीला पत्र पाठवलं, की हा मुलगा सांगितल्यापेक्षा जास्त काम करतो. ते पत्र माझ्या ग्रीन कार्डच्या फाइलला जोडलं गेलं. मी त्याची एक प्रत वडिलांना पाठवली. त्यांनी ती फ्रेम करून घेतली.

गॅरेजमध्ये त्या शनिवारी मी हे बोललो नाही. आधी नीट खात्री करून घेऊ, मग सांगू, असं मनाशी म्हटलं आणि कॉफीचे कप धुवायला घेतले.

मास्तर मात्र कामाला लागले. ते तीन दिवस कोर्टाच्या तळघरात बसले. कागद नाही हे त्यांनाही कळलं. पण कायद्यात आणखी एक दार होतं, तेही त्यांना सापडलं. लोक फार जुन्या काळापासून ती वाट वापरत होते याचा सरकारी पुरावा मिळाला, तर वाट पुन्हा मागता येत होती. लोकांच्या तोंडी साक्षी नकोत, सरकारच्याच कुणीतरी केलेली नोंद हवी. पुढच्या शनिवारी त्यांनी मला सरळ विचारलं, "तुमच्या कचेरीत जुने नकाशे असतील ना? छापलेले नव्हे, हाताने काढलेले. त्यात काही खूण, काही शेरा?"

"बघतो," मी म्हणालो.

बघण्याची गरज नव्हती. तो कागद मी मार्चमध्येच हाताळला होता. तिसऱ्या कपाटात खालून दुसऱ्या खणात पिवळा पडलेला एक नकाशा होता आणि त्यावर कुणा जुन्या अधिकाऱ्याने त्या वाटेवर पेन्सिलने तुटक रेघ ओढून बाजूला लिहिलं होतं: मेंढपाळ आणि शिकारी नेहमी वापरतात. खाली सही आणि तारीख. ती तारीख रँचच्या आताच्या मालकाच्या जन्माआधीची असावी. स्कॅन करताना पेन्सिलच्या खुणा पुसून कॉम्प्युटरवरचा नकाशा साफ करायचा असतो. मी तोही साफ केला होता. पण मूळ कागद अजून खणातच होता.

सोमवारी मी साहेबांकडे गेलो. आडूनआडून विचारलं, की गावातल्या कुणाला एखादा जुना नकाशा बघायचा असेल तर?

"त्यांनी रीतसर अर्ज करावा, कागदाचा क्रमांक लिहून," त्या म्हणाल्या. "क्रमांक त्यांना ठाऊक असेल तर." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि तुम्ही कंत्राटावर आहात. मंडळावर आता कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. कंत्राट दर वर्षी नव्याने होतं. मी तुम्हाला काहीच सांगत नाही."

संध्याकाळी मी पिस्कॅटवेच्या मित्राला फोन लावला. तो माझ्याच कॉलेजचा, माझ्याच खोलीत राहिलेला. त्याला सगळं सांगितलं.

"यार, तू वेडा आहेस का?" तो म्हणाला. "ग्रीन कार्डचं लेबर सर्टिफिकेशन पेंडिंग आहे ना तुझं? मग हरणासाठी पंगा कशाला घेतोस?"

"हरणासाठी नाही रे. म्हातारा माणूस आहे, अकरा वर्षं..."

"तुझा काका आहे का तो? गोऱ्यांची आपापसातली भांडणं आहेत ती. आज तुला रस्सा मागतील, उद्या जॉब गेला तर तिकीट काढून देणारेत का? गप्प बस. आणि इकडे ये लेका, तिकडे काय जंगलात राहतोस."

मी त्याच्यावर रागावू शकलो असतो. पण त्याने मला हवं तेच सांगितलं होतं. त्यासाठीच मी फोन केला होता.

शनिवारी मास्तरांनी विचारलं, "काही सापडलं?"

"नाही," मी म्हणालो. "सगळं शोधलं. तसं काही नाही."

"सगळे खण?"

"सगळे."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्यासाठी धूळ खाल्लीस. थँक यू," ते म्हणाले.

ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळाची बैठक गावच्या शाळेच्या हॉलमध्ये झाली. लोकांना बोलायची मुभा होती, माणशी तीन मिनिटं. मी शेवटच्या रांगेत बसलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते माइकपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी ती वाट सांगितली. फाटक कुठे, पहिलं वळण कुठे, ओढा कुठे ओलांडायचा, वडील घोडं कुठे बांधायचे. सगळं ते सावकाश सांगत होते, जणू मंडळाला त्या वाटेने चालत घेऊन जात होते. ओढ्यापाशी पोचेपर्यंत तीन मिनिटं संपली. घंटी वाजली. काका थांबले, 'धन्यवाद' म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

मग तो रँचमालक बोलला. मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. वाईट माणूस दिसत नव्हता. आवाज मऊ होता. तो म्हणाला, "मी स्वतः शिकारी आहे. माझ्या शेजाऱ्यांच्या भावना मी समजतो. पण मी माझ्या मनाने काही करत नाही. खात्याने अतिशय काळजीपूर्वक सगळे कागद तपासले आणि नकाशा काढला. ज्याने कुणी ते काम केलं त्याने यादीबाहेर जाऊन, मेहनतीने केलं, असं मला समजलं. अशा कामाचा आपण आदर करायला हवा."

दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. जावई टाळ्या वाजवत नव्हता. तो सासऱ्याकडे बघत होता. अध्यक्षांनी विचारलं, याबाबत कुणाकडे आणखी काही माहिती आहे का. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. तो प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. दुसऱ्यांदा विचारताना ते सगळ्या हॉलकडे बघत होते, माझ्याकडे नव्हे. तरी मला तसं वाटलं. फाटकाचं कुलूप सात विरुद्ध दोन मतांनी कायम झालं.

सप्टेंबरमध्ये जुने नकाशे खोक्यांत भरून डेन्व्हरच्या गोदामात गेले. खोक्यांची यादी मी केली.

ऑक्टोबरमध्ये शिकार सुरू झाली त्या दिवशी काका म्हणाले, आपण फाटकापर्यंत तरी जाऊ. का ते त्यांनी सांगितलं नाही. जावयाने त्याची पिकअप काढली आणि मला म्हणाला, "तू चालव. मला आज चालवायचं नाही." उजाडता उजाडता आम्ही पोचलो. फाटक नवं होतं, साखळी जाड होती. पाटीवर लिहिलं होतं की आत आलात तर गुन्हा दाखल होईल. फाटकापलीकडे दोन मैलांवर गवताचा पिवळा उतार आणि त्यावर पाइनची काळी कड दिसत होती. ती सगळी सार्वजनिक जमीन. थंड हवेत लांबून एल्कचा आवाज आला. तो एवढ्या मोठ्या जनावराचा वाटत नाही, शिट्टीसारखा असतो.

जावयाने मागून मोठा कटर काढला. "दोन मिनिटांचं काम आहे. मी साखळ्या जोडतो, मला तोडता येतात."

"ठेव ते," काका म्हणाले.

"कोण बघतंय इथे?"

"मी बघतोय. माझ्याच जमिनीवर मी चोरासारखा जाणार नाही."

जावयाने कटर मागे टाकला. मोठा आवाज झाला. पलीकडचा एल्क गप्प झाला.

परत गाडीत बसल्यावर मी बोललो. तेव्हाच का, ते मला आजही सांगता येत नाही. मी स्टिअरिंग धरून सगळं सांगितलं: यादीबाहेरच्या तीन वाटा, पेन्सिलची रेघ, तिसऱ्या कपाटातला खण, 'सगळे' म्हणालो होतो ते. काकांनी बोटं गुडघ्यावर ठेवली होती, ती हललीसुद्धा नाहीत.

संपल्यावर त्यांनी एकच विचारलं. "मीटिंगमध्ये तू होतास. तिथे का नाही बोललास?"

"माझी नोकरी," मी म्हणालो. "ती गेली असती तर देश सोडावा लागला असता. माझ्या घरी..."

"हं," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या माणसाचीही नोकरीच आहे. त्यालाही मंडळावर कुणीतरी नेमलंय."

ते रागाने म्हणाले नाहीत. त्यांनी मला आणि त्याला एका रांगेत ठेवलं, इतकंच. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटलं नाही.

मी खिशातून पेन काढलं आणि खोक्याचा क्रमांक आणि नकाशाचा क्रमांक पेट्रोलच्या पावतीच्या मागे लिहिला. दोन्ही मला पाठ होते. काकांनी पावती घेतली नाही. मागून हात पुढे करून जावयाने घेतली. त्याने ती वाचली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"मास्तरांना देतो," तो म्हणाला. "अर्जावर माझी सही लागणार असेल तर करतो. कामावर काय म्हणायचं ते म्हणू देत."

"गाडी वळव," काका मला म्हणाले.

त्या ऑक्टोबरच्या अखेरीस काकांच्या परवान्याची मुदत संपली. त्यानंतर मी त्या खोलीत आणखी सात महिने राहिलो. मला कुणी जा म्हटलं नाही, कुणी बोलायचं बंद केलं नाही, मांसाचं पुडकंसुद्धा एकदा दारात ठेवलेलं मिळालं. पण शनिवारी खालून आवाज यायचे तेव्हा मी लायब्ररीत जायचो. ग्रीन कार्डचा टप्पा पार पडला आणि मी अर्विंगला गेलो. तिथे कोथिंबीर मिळाली, मित्र मिळाले. माझं बरं चाललं आहे.

मास्तरांनी तो नकाशा गोदामातून मिळवला. दोन हजार आठमध्ये त्यांची ईमेल आली. एकच, तीन ओळींची. पेन्सिलचा शेरा स्पष्ट वाचता येतो, असं त्यांनी लिहिलं होतं. जावयाचं विहिरीवरचं काम गेलं होतं, पण सही त्याने मागे घेतली नव्हती. वाट पुन्हा उघडण्याचा अर्ज खात्याने मतासाठी सल्लागार मंडळाकडे पाठवला होता. मंडळाचा अध्यक्ष आता तो रँचमालक होता.